कॉम्प्रेसर काढण्याआधी

चंद्रपूरचा मे महिना. दुपारी दोनच्या सुमारास आम्ही दोघे एका निवृत्त शिक्षकांच्या गच्चीवर, दीड टनाच्या स्प्लिट एसीच्या आउटडोअरपाशी बसलो होतो. पत्र्याला हात लावणे मुश्कील होते. सप्लाय दिला की कॉम्प्रेसर नुसता घुमायचा, सहा-सात सेकंद तसाच घुमत राहायचा, मग ‘टक्’ असा बारीक आवाज व्हायचा आणि सगळे शांत. काही मिनिटांनी पुन्हा तेच. माझ्या उस्तादाने टोंग टेस्टर, म्हणजे क्लॅम्प मीटर, लावला. आकडा ३६ अँपिअरवर गेला. “जॅम झालाय,” उस्ताद म्हणाला. खाली उतरून गुरुजींना सांगायचे काम माझ्याकडे आले. “दुसरा काही उपाय नाही का रे?” त्यांनी विचारले. “नाही गुरुजी, कॉम्प्रेसर बदलावाच लागेल,” मी ठामपणे म्हणालो. मला तेव्हा त्यातले काहीही कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नवा कॉम्प्रेसर बसवला. ब्रेझिंग केले, व्हॅक्यूम मारले, गॅस भरला आणि सप्लाय दिला. नवा कॉम्प्रेसरही तसाच घुमला आणि ‘टक्’ करून थांबला. उस्तादाचा चेहरा उतरला. मग त्याने मुकाट्याने कॅपॅसिटर बदलला, कारण तेवढा एक भाग जुना राहिला होता. कॉम्प्रेसर लगेच चालू झाला. संध्याकाळी दुकानात आम्ही जुना कॉम्प्रेसर टेबलावर ठेवला, त्याला चांगला कॅपॅसिटर जोडला आणि क्षणभर सप्लाय दिला. तोही पहिल्या झटक्यात फिरला. काही शे रुपयांच्या कामासाठी गुरुजींनी हजारो रुपये मोजले होते. दुकानाने बिल बदलले नाही, आणि मीही त्यांना जाऊन खरे सांगितले नाही. पुढे अनेक वर्षे दुरुस्तीत आणि मग शिकवण्यात गेली, पण ती न सांगितलेली गोष्ट मनातून गेली नाही. हे पुस्तक तिच्यापोटी लिहिले आहे.

त्या दिवशी मीटर चुकला नव्हता. ३६ अँपिअर हा आकडा खरा होता. आम्ही त्याचा अर्थ लावताना घाई केली. रोटर जॅम झाला असेल तर मोटर फिरत नाही. कॅपॅसिटर गेला असेल तरी फिरत नाही. दोन्ही वेळा मुख्य वायंडिंग तेवढाच भयंकर करंट ओढते आणि दोन्ही वेळा ओव्हरलोड प्रोटेक्टर लाइन तोडतो. फरक दिसतो तो दुसऱ्या तारेवर. क्लॅम्प स्टार्टिंगच्या तारेवर सरकवला असता आणि तिथे शून्य दिसले असते, तर कॅपॅसिटर किंवा त्याची जोडणी तुटली आहे हे तिथेच कळले असते. त्या तारेत भरपूर करंट आहे, कॅपॅसिटर मोजून ठीक निघाला आहे, व्होल्टेजही पुरेसे आहे आणि तरीही रोटर हलत नाही, तरच ‘जॅम’ हा शब्द उच्चारायचा. चार इंच अंतरावरची दुसरी तार तपासायला अर्धे मिनिट लागले असते.

या पुस्तकात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे: अँपिअरचा आकडा एकटा वाचू नये. व्होल्टेज किती, बाहेर ऊन किती, कॉइलवरून हवा किती जाते, नेमप्लेट काय म्हणते, हे शेजारी मांडल्याशिवाय त्या आकड्यावरून निकाल देऊ नये. पुढची सगळी प्रकरणे या एका वाक्याचा विस्तार आहेत.

मग मुळात अँपिअरलाच एवढे महत्त्व का द्यायचे? कारण घरगुती एसीचा कॉम्प्रेसर हा चारी बाजूंनी वेल्डिंग केलेला पोलादी डबा आहे. आत मोटर आणि पंप एकाच दांड्यावर बसवलेले असतात, सोबत तेल आणि गॅस. स्कूटरचे इंजिन उघडून पिस्टन पाहता येते. हा डबा कापला की संपला. त्यातून बाहेर येतात त्या दोन नळ्या आणि तीन टर्मिनल: कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग. नळ्यांचा दाब बघायला गेज जोडावा लागतो, आणि गेज जोडताना-काढताना थोडा तरी गॅस सुटतोच. तारेवर क्लॅम्प लावायला मात्र काहीच उघडावे, तोडावे लागत नाही. चालत्या यंत्राला धक्का न लावता आतली हालहवाल विचारायचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, म्हणून तो सर्वांत आधी वापरावा.

मोटर किती करंट ओढणार हे तिच्यावरचा भार ठरवतो. ती थांबलेली असते तेव्हा सप्लायला वायंडिंगचा अडथळा कमीच असतो. फिरू लागली की वायंडिंगमध्ये उलटे व्होल्टेज तयार होते आणि करंट आटोक्यात येतो. म्हणून सुरुवातीच्या क्षणी नेहमीच्या चौपट ते सहापट करंट दिसतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच खाली येतो. दीड टनाचा साधा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला, एसी सुमारे १६०० वॅट घेतो असे धरले तर २३० व्होल्टवर त्याचा चालू करंट साधारण सव्वासात अँपिअर येतो. पुढे हा करंट वर-खाली होतो तो मुख्यतः गॅसच्या दाबांमुळे. पंपाला जितक्या जास्त दाबाविरुद्ध गॅस ढकलावा लागतो, तितके अँपिअर वाढतात. ढकलायला गॅसच कमी आला तर ते उतरतात. म्हणजे विजेच्या तारेवर आपण काही अंशी नळीतला दाबच वाचत असतो.

हा आकडा देणाऱ्या उपकरणाचे मूळ १८२० साली सापडते. कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड यांना दिसले की तारेतून वीज वाहिली की जवळच्या होकायंत्राची सुई वळते. ही बातमी पॅरिसला पोहोचल्यावर काही आठवड्यांतच आंद्रे-मारी अँपिअर यांनी त्यामागचे गणित मांडायला सुरुवात केली. त्यांचेच नाव आपण दिवसभर उच्चारत असतो. क्लॅम्प मीटरचा जबडा तारेभोवतीचे हेच चुंबकीय क्षेत्र पकडतो. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी मुद्दाम काही सांगत नाही. एसीची केबल आणि मीटर हातात देतो. बहुतेक मुले पूर्ण केबल जबड्यात घालतात आणि गोंधळतात: एसी गार हवा देतोय आणि मीटर शून्य दाखवतोय! मग एखादी मुलगी केबलचे वरचे आवरण सोललेल्या जागी फक्त फेजची तार वेगळी धरते आणि आकडा ७.१ वर येऊन स्थिरावतो. जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारेची क्षेत्रे एकमेकांना खोडून काढतात, हे त्या मुलांना पुन्हा कधी सांगावे लागत नाही. आउटडोअरच्या पंख्यासारखा अर्ध्या अँपिअरच्या आसपासचा करंट मोजायचा असेल तर तीच तार जबड्यातून दहा वेळा फिरवायची आणि आकड्याला दहाने भागायचे, ही युक्तीही त्याच दिवशी शिकवतो.

पुस्तकाचे पहिले चार विभाग तक्रारीप्रमाणे पाडले आहेत, कारण ग्राहक फोनवर तक्रार सांगतो, बिघाडाचे नाव सांगत नाही.

पहिला विभाग ‘करंट येतच नाही’ याचा. इथे कॉम्प्रेसरवर फार अन्याय होतो. कॉमन आणि रनिंगमध्ये मल्टिमीटरने कंटिन्युटी मिळाली नाही की ‘वायंडिंग ओपन’ असे म्हणून मोकळे होणारे अनेक जण मी पाहिले आहेत. काही कॉम्प्रेसरमध्ये ओव्हरलोड प्रोटेक्टर डब्याच्या आत, कॉमनच्या बाजूला बसवलेला असतो. कॉमनपासून दोन्हीकडे मार्ग बंद आहे पण रनिंग ते स्टार्टिंग कंटिन्युटी मिळते, तर वायंडिंग शाबूत आहे आणि तापलेला प्रोटेक्टर उघडला आहे. डबा गार व्हायला कधीकधी तासभर लागतो. तेवढे थांबावे, चहा घ्यावा, मग पुन्हा मोजावे. निरोगी वायंडिंगचा हिशेबही सोपा आहे: कॉमन-रनिंग १.८ ओहम आणि कॉमन-स्टार्टिंग २.६ ओहम असेल, तर रनिंग-स्टार्टिंग ४.४ ओहम आलेच पाहिजे.

दुसरा विभाग ‘घुमतो आणि थांबतो’ याचा, गुरुजींच्या एसीचा. याच विभागात एमसीबी पडण्याचा विचार केला आहे. सी प्रकारचा २० अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला त्यातून १०० ते २०० अँपिअर जावे लागतात. जॅम झालेला दीड टनी कॉम्प्रेसर ३०-४० अँपिअर ओढतो. त्यामुळे स्विच टाकताक्षणी एमसीबी पडत असेल तर जॅमचा संशय बाजूला ठेवून शॉर्ट किंवा बॉडी अर्थ शोधावा आणि मेगर हातात घ्यावा.

तिसरा विभाग ‘करंट जास्त’ याचा, आणि महाराष्ट्रात हा विभाग जागेप्रमाणे बदलतो. मुंबई, रत्नागिरी, मालवणच्या खाऱ्या हवेत आउटडोअरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या झिजून भुगा होतात. मराठवाड्यात धूळ बसते. शहरातल्या इमारतींत आउटडोअर अरुंद डक्टमध्ये कोंबलेले असतात आणि एकाची गरम हवा दुसरा ओढतो. परिणाम सगळीकडे एकच: कंडेन्सरची उष्णता बाहेर पडत नाही, डिस्चार्जचा दाब चढतो, अँपिअर वाढतात. मीटर लावून ठेवावा, कॉइल पाण्याने धुवावी, ती वाळली की पुन्हा बघावे. नऊवरचा आकडा साडेसातवर उतरताना ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

कमी व्होल्टेजचेही तसेच. व्होल्टेज २३० वरून २०० वर आले आणि काम तेवढेच राहिले तर सव्वासात अँपिअरच्या जागी सुमारे ८.३ दिसतील. त्यात मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्होल्टेज दहा टक्के उतरले तर जोर जवळजवळ एकोणीस टक्के कमी होतो. संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी लागले की सुरू न होणारा कॉम्प्रेसर सकाळी बिनतक्रार चालतो, याचे कारण इथे आहे. अशा घरी मी हातातला पाना खाली ठेवतो आणि मीटर बोर्डपासून तारांची जाडी तपासत येतो.

चौथा विभाग ‘करंट कमी, गारवा नाही’ याचा. तो सगळ्यांत मोठा झाला आहे, कारण आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त उच्चारले जाणारे वाक्य म्हणजे ‘गॅस कमी झालाय’. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, संपत नाही. बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता दरवर्षी गॅस भरून देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे. शिवाय कमी अँपिअर म्हणजे गॅसच कमी असेही नसते. फिल्टर धुळीने बुजला, ब्लोअर मंद झाला, तरी सक्शनचा दाब उतरतो आणि अँपिअर उतरतात. पंपाचे आतले भाग झिजून त्याची ढकलण्याची ताकद गेली, तरीही अँपिअर उतरतात. मात्र तेव्हा सक्शनचा दाब चढलेला आणि डिस्चार्जचा उतरलेला सापडतो. म्हणून क्रम ठरवून दिला आहे: आधी फिल्टर आणि ब्लोअर, मग गळतीच्या खुणा म्हणजे फ्लेअर जोडाजवळचे तेलाचे डाग, आणि सगळ्यांत शेवटी गेज.

याच विभागात एका रूढ सवयीविरुद्ध मी स्पष्ट लिहिले आहे. अनेक मेकॅनिक क्लॅम्प लावून नेमप्लेटचा आकडा येईपर्यंत गॅस सोडत राहतात. एसीची क्षमता आणि वीजवापर तपासताना बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस आणि खोलीतले २७ अंश धरलेले असते. डिसेंबरच्या सकाळी, बाहेर २० अंश असताना, गॅस अगदी बरोबर भरलेला एसीसुद्धा नेमप्लेटपेक्षा कमीच अँपिअर दाखवेल. तिथे आकडा गाठायचा म्हणून गॅस भरत गेलो तर तो जास्त होतो, आणि तोच एसी मे महिन्यात बंद पडू लागतो. उलट विदर्भात पारा ४५ च्या पुढे असताना कमी गॅसवरही नेमप्लेटचा आकडा येऊ शकतो. गॅस वजनकाट्यावर भरावा, कंपनीने लिहिलेल्या ग्रॅममध्ये. अँपिअर त्यानंतर पडताळणीला घ्यावेत. शिवाय हवेत सुटलेला गॅस निरुपद्रवी नसतो: आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो. आर-३२ त्या बाबतीत निर्दोष असला तरी वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक शे पट प्रभावी आहे. चुकीच्या निदानापायी सोडून दिलेल्या प्रत्येक सिलिंडरचा भार आपल्याच उन्हाळ्यावर पडतो.

पाचव्या विभागात इन्व्हर्टर एसी आहे, आणि तिथे जुन्या हाताला थोडे विसरावे लागते. या एसीचा करंट हळूहळू चढतो, खोली गार झाली की उतरतो; एकच ‘बरोबर’ आकडा नसतो. बाहेरून मोजलेला करंट पीसीबीचा असतो, कॉम्प्रेसरचा नव्हे. कॉम्प्रेसरच्या यू, व्ही, डब्ल्यू या तिन्ही तारांमधला रेझिस्टन्स मात्र सारखा यायलाच हवा. करंटची लाट इथे सरळसाधी नसते, त्यामुळे ट्रू आरएमएस मीटरच वापरावा. कमी अँपिअर बघून इन्व्हर्टर एसीत गॅस भरणे ही सध्याची मोठी चूक आहे.

शब्दांबद्दल थोडे. बाजारात कॅपॅसिटरलाही ‘कंडेन्सर’ म्हणतात आणि आउटडोअरच्या कॉइललाही ‘कंडेन्सर’च म्हणतात. या पुस्तकात वीज साठवतो तो कॅपॅसिटर आणि उष्णता टाकतो तो कंडेन्सर. ‘दाब’ हा शब्द फक्त गॅससाठी राखला आहे, विजेसाठी व्होल्टेज. बाकी शब्द आपण कामावर बोलतो तेच ठेवले आहेत. गणित लागेल तेवढेच आहे. नमुन्यादाखल एक: एसी चालू असताना कॅपॅसिटरच्या तारेतले अँपिअर ३१८३ ने गुणायचे आणि कॅपॅसिटरच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजने भागायचे. ५.२ अँपिअर आणि ३७० व्होल्ट मिळाले तर उत्तर ४४.७ मायक्रोफॅरड येते. अंगावर ४५ छापले असेल तर तो कॅपॅसिटर उत्तम आहे. ३१८३ हा आकडा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. आखातात नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांनी एक लक्षात ठेवावे: सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आहे, तिथे २६५२ घ्यावे लागतात.

सुरक्षेचे प्रकरण मी परिशिष्टात टाकलेले नाही, सुरुवातीलाच ठेवले आहे. सप्लाय बंद केल्यावरही कॅपॅसिटर चावतो. तो रेझिस्टरने उतरवल्याशिवाय हात लावू नये. शंकास्पद कॉम्प्रेसरच्या टर्मिनलचे झाकण उघडे ठेवून सप्लाय देऊ नये. टर्मिनल फुटून बाहेर पडणारे तेल आणि गॅस पेट घेऊ शकतात. आर-३२ आणि आर-२९० पेटणारे गॅस आहेत, हे ब्रेझिंगचा टॉर्च पेटवण्याआधी आठवावे. आणि सहाव्या मजल्याच्या छज्ज्यावर बेल्ट न बांधता, ग्रीलला एक हात धरून मीटर लावणारी आपली पोरे रोज दिसतात. ग्राहकाला कितीही घाई असो, बेल्ट बांधून मगच बाहेर पाय ठेवा. कोणताही आकडा जिवापेक्षा मोलाचा नाही.

शेवटी एक विनंती. काम संपल्यावर इनडोअरच्या पॅनेलच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर तारीख, बाहेरचे तापमान, व्होल्टेज, कॉमनच्या तारेचे अँपिअर आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक, एवढे लिहा. दोन मिनिटांचे काम आहे. दोन वर्षांनी येणारा मेकॅनिक, मग तो तुम्ही असा की दुसरा कुणी, त्या चिठ्ठीशी ताडून बघू शकेल. नेमप्लेट सगळ्या एसींना एकच आकडा सांगते; ही चिठ्ठी त्या एका एसीचा, त्या भिंतीवरचा, त्या गावातला आकडा सांगते. मी ज्या ज्या एसीत ती लावली आहे, तिथे पुढचे निदान निम्म्या वेळात झाले आहे.

आयटीआयमधली माझी मुले-मुली आणि दुकानांत राबणारे जुने सोबती यांनी या पुस्तकातली प्रत्येक रीत प्रत्यक्ष करून बघितली आणि जिथे माझे चुकत होते तिथे मला थांबवले. त्यांचा मी ऋणी आहे. या पानांवरचा आकडा आणि तुमच्या मीटरवरचा आकडा जुळला नाही, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि तो का जुळत नाही ते शोधा. शोधून झाल्यावर खाली या आणि घरमालकाला खरे काय ते सांगा. बिघाड स्वस्तातला निघाला असेल तर तेही सांगा. मी एकदा ते सांगितले नव्हते.